डालडा, खारी आणि दिवाळीचा फराळ : ट्रान्स फॅट कसं टाळायचं

ट्रान्स फॅटचं नाव काढलं की काही लोक घाबरून साजूक तूपसुद्धा बंद करतात आणि बाकीचे "आमच्या आजीने जन्मभर डालडाच खाल्ला, काय झालं तिला" म्हणून विषय संपवतात. दोन्ही नको. पातळ तेलात निकेल वापरून हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं, आणि हे काम अर्धवट ठेवलं की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. 1937 ला असं वनस्पती तूप डालडा नावाने बाजारात आलं, मग तूप परवडत नाही तिथे वनस्पती असं घराघरात झालं. स्वस्त, टिकतं, पदार्थ खुसखुशीत होतो, कोण नाही म्हणणार!

आता त्रास काय ते. सॅच्युरेटेड फॅट (तूप, लोणी, पाम तेलात असतं ते) एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं, पण ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि वर चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, खाली आणतं, म्हणजे दोन्हीकडून मार. दिवसाच्या कॅलरीपैकी नुसत्या 2% ट्रान्स फॅटमधून आल्या तर हृदयविकाराचा धोका साधारण 23% वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय, आणि 2000 कॅलरीच्या आहारात 2% म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आत, एक चहाचा चमचा फॅट फक्त! जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला 2.2 ग्रॅमच्या खाली राहा म्हणते.

पाकिटातल्या मालाचं आता बरंच बरं आहे. एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा संस्था) तेल आणि वनस्पती तुपातली ट्रान्स फॅटची मर्यादा 10% वरून 5, मग 2021 ला 3 आणि जानेवारी 2022 पासून 2% वर आणली. हिशोब करा, बिस्किटात 100 ग्रॅममागे 25 ग्रॅम फॅट असेल तर 10% च्या काळात त्यात अडीच ग्रॅमपर्यंत ट्रान्स फॅट चालायचं, आता अर्धा ग्रॅम. तरी पाकीट उलटं करून बघाच. "ट्रान्स फॅट फ्री" म्हणजे शून्य नाही, 100 ग्रॅममागे 0.2 ग्रॅमपेक्षा कमी असलं की तसं छापता येतं. आणि त्याच्याच वरची सॅच्युरेटेड फॅटची ओळ सोडू नका, कारण ट्रान्स फॅट काढून बऱ्याचदा तिथे पाम तेल येतं आणि पाम तेलात जवळपास अर्धं सॅच्युरेटेडच असतं. घटकांच्या यादीत हायड्रोजनेटेड फॅट, शॉर्टनिंग (बेकरीत वापरतात ते घट्ट फॅट), मार्जरीन हे शब्द पहिल्या दोन-तीनात दिसले तर मी तरी पाकीट परत ठेवते.

खरी अडचण सुट्ट्या मालाची आहे, खारी, बटर, क्रीमरोल, पॅटीस, नानकटाई, यांना लेबलच नसतं. बेकरीवाल्याला सरळ विचारा कशात बनवता, डबा दाखवा म्हणा, ओळखीचा असेल तर दाखवतो. खाताना टाळूला मेणासारखा थर बसला तर वनस्पती किंवा शॉर्टनिंग आहे एवढं कळतं, पण ट्रान्स फॅट किती ते जिभेला कळत नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. सगळ्यात सोपं म्हणजे खारी रोज चहाबरोबर न खाता कधीतरी खा.

दिवाळीत घरी करताना शंकरपाळी-करंजीला मोहन तेलाचं कडकडीत घाला, डालड्याची गरज नसते. चिरोट्याच्या साट्याला मात्र घट्टच काहीतरी लागतं, तिथे साजूक तूप आणि तांदळाची पिठी फेसून घ्या, थोडं महाग पडेल पण चिरोटे कितीसे करतो आपण! तुपातही नैसर्गिक ट्रान्स फॅट थोडं असतं, 2% चा नियम त्याला लागू नाही, पण चमचाभर तुपातून येतं ते फारच कमी, प्रश्न सॅच्युरेटेडचा आहे म्हणून वाटीने नको इतकंच. नानकटाईचं सामान बेकरीत नेऊन भाजून घेत असाल तर तूप तुमचंच द्या, तिथलं घालू देऊ नका.

तळणीच्या तेलाबद्दल लोकांचा गोंधळ असतो. घरी एकदा तळल्याने ट्रान्स फॅट फारसं वाढत नाही, तेच तेल पुन्हा पुन्हा धूर येईपर्यंत तापवलं की वाढतं, आणि त्याहून जास्त वाढतात ते पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून बिघडलं की त्यात तयार होणारे घटक. ते 25% च्या वर गेले की तेल वापरायचं नाही असा नियम जुलै 2018 पासून आहे, पण घरी मीटर कुठे असतो. तेल काळपट झालं, चिकट वाटायला लागलं, घाणा सोडला की फेस येतो किंवा लवकर धूर धरतो, यातलं काहीही दिसलं की संपलं. नसेल तर गाळून ठेवा, एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळू नका आणि त्यात नवीन तेलाची भर तर अजिबात घालू नका. टाकायचं तेल बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत भरून ठेवा, काही शहरांत ते बायोडिझेलसाठी गोळा करतात.