गॅस गिझर पेटत नाही? मेस्त्रीला फोन करायच्या आधी हे बघा

थंडी पडली की कोल्हापुरात गॅस गिझरच्या मेस्त्रींचा फोन लागत नाही, आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी तर कुणी उचलतच नाही. पण गिझर बंद पडायची बरीचशी कारणं साधी असतात, सेल उतरलेत, जाळीत गाळ बसलाय, सिलेंडर तळाला आलाय, असलं काहीतरी, आणि ते घरातल्या कुणालाही कळू शकतं, फक्त काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं बघायचं ते माहिती पाहिजे. आणि कुठं हात लावायचा नाही ते पण.

दुरुस्तीच्या आधी एक गोष्ट बघा, गिझर बसवलाय कुठं? बाथरूमच्या आत असेल तर तो पेटो न पेटो, आधी तिथनं बाहेर काढा. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. एलपीजी नीट जळायला हवा भरपूर लागते, एक भाग गॅसला साधारण २५ ते ३० भाग हवा. आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांत मोरीच्या जागेवर नाहीतर जिन्याखाली काढलेली बाथरूम असते, एवढीशी खिडकी, ती पण थंडी वाजते म्हणून बंद केलेली, आणि दाराला आतनं कडी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. सिलेंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून, या वायूचा तसला काही इशारा मिळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटीपेक्षा जास्त ताकदीनं चिकटतो, त्यामुळं माणसाचं डोकं जड होतंय, मळमळतंय, पायातलं त्राण जातंय आणि कडी काढायच्या आत माणूस खाली. डॉक्टर लोकांत याला गॅस गिझर सिंड्रोम असं नावच पडलंय. गिझर गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीला लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ दे. चार फूट पाइप जास्त लागेल, लागू दे. कुणी आत पडलंच तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, रेग्युलेटर बंद करा आणि १०८ ला फोन लावा.

आता गिझर चालतो कसा ते थोडक्यात, कारण हे कळलं की बिघाड कुठं आहे ते आपोआप लक्षात येतं. नळ सोडला की पाणी गिझरच्या खालच्या भागात येतं, तिथं एक रबराचा पडदा असतो, डायफ्रॅम म्हणतात त्याला. पाण्याच्या दाबानं तो पडदा एक पिन ढकलतो, पिननं मायक्रोस्विच दाबला जातो आणि गॅसची वाट पण उघडते. स्विच लागला की दोन सेलवर चालणारा सर्किट बॉक्स जागा होतो, टिकटिक करून ठिणग्या पाडतो आणि त्याच वेळी सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून बर्नरला गॅस सोडतो. जाळ लागला की शेजारची सेन्सरची पिन सर्किटला कळवते की पेटलंय. काही सेकंदांत जाळ लागला नाही तर सर्किट गॅस बंद करून टाकतं. नळ बंद केला की पडदा मागं, गॅस बंद. म्हणजे सेल, पाणी आणि गॅस या तीनच गोष्टींवर सगळा खेळ चाललेला असतो आणि तपासायचं पण याच क्रमानं.

पहिलं काम, नळ सोडा आणि गिझरजवळ उभं राहून ऐका. टिकटिक आवाज येतोय का नाही? निम्मं निदान इथंच होतंय.

टिकटिक अजिबात येत नसेल तर सेल बघा. गिझरच्या खालच्या बाजूला डबी असते, त्यात दीड व्होल्टचे दोन जाडे सेल, मिळून ३ व्होल्ट. दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना असलं करू नका. चांगल्यापैकी अल्कलाइन सेल घ्या, आणि रिचार्जेबल शक्यतो नकोत कारण ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ च होतात आणि काही गिझर तेवढ्यावर उठत नाहीत. सेल बदलताना डबीतल्या पत्र्या बघा, पावसाळ्यात गॅलरीतल्या ओलीनं तिथं हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते, मग सेल कितीही नवा टाका करंट जाणार नाही. पॉलिश पेपरनं घासून काढा, स्प्रिंग थोडी ओढून ताणा. आणि उन्हाळ्यात गिझर वापरत नसाल तर सेल काढून ठेवा, सेल फुटून त्यातलं पाणी पत्र्या खाऊन टाकतं.

सेल चांगले आणि तरी टिकटिक नाही, मग पाण्याचा दाब. माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच असतात आणि लोक उगीच गिझरला नावं ठेवतात. टाकी गिझरच्या जितकी वर तितका दाब, हिशोब सोपा आहे, १० मीटर उंचीला १ बार (बार म्हणजे दाब मोजायचं माप). बहुतेक गिझरना पेटायला पाव बारच्या आसपास तरी दाब लागतो, म्हणजे टाकीचा तळ गिझरच्या अडीच-तीन मीटर वर पाहिजे. तळमजल्यावर अडचण येत नाही, पण वरच्या मजल्यावर, जिथं टाकी डोक्यावरच्या स्लॅबवर नुसती टेकवलेली असते, तिथं गिझर कधी पेटतोय कधी नाही, टाकी भरलेली असली की पेटतोय आणि अर्ध्यावर आली की रुसतोय. यावर उपाय म्हणजे टाकी स्टँडवर उचलून घ्या नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा, गिझर बदलून काही होणार नाही.

दाब पूर्वी चांगला होता आणि आता कमी झाला असेल तर जाळी तपासा. गिझरला थंड पाणी जिथनं आत जातं तिथल्या नटाच्या आत एक बारीक जाळी असते. पावसाळ्यात नळाला पाणी गढूळ येतं, टाकीच्या तळाला गाळ बसतो, त्यात पाणीपुरवठा एक दिवस बंद राहून परत सुरू झाला की पाइपातला सगळा गंज-माती ढवळून येतो आणि येऊन त्या जाळीत बसतो. थंड पाण्याचा कॉक बंद करा, बादली खाली धरा, पान्यानं नट सोडवा, जाळी काढून जुन्या टूथब्रशनं घासा, परत बसवताना वायसर जागेवर आहे ना बघा. शॉवरची चाळणी पण काढून बघा, क्षारानं भोकं बुजली की पाणी पुढं जात नाही म्हणून गिझरमधनं प्रवाह कमी होतो आणि तो पेटत नाही. शॉवर काढून नुसत्या नळाला पेटतोय का बघितलं की लगेच कळतंय.

अजून एक, आंघोळ करताना थंड नळ सोडला की गिझर बंद पडतो, असं कितीतरी जण सांगतात. तो बिघाड नव्हे. एकाच पाइपवरनं दोन्हीकडं पाणी गेलं की गिझरच्या वाट्याचा दाब घटतो, पिन मागं येते आणि गॅस बंद होतो. पाणी फार गरम येत असेल तर गॅसचा नॉब कमी करा किंवा विंटर-समर नॉब समरवर घ्या, किंवा बादलीत आधी थंड घ्या आणि मग गरम सोडा. पाणी जोरात येतंय, सेल नवे आहेत, आणि तरी टिकटिक नाहीच, तर डायफ्रॅम कडक झालाय किंवा फाटलाय, नाहीतर मायक्रोस्विच गेलाय. डायफ्रॅम फाटला की बऱ्याचदा खालनं पाणी ठिबकतं. हे काम मेस्त्रीचं, रबर स्वस्त असतंय पण ते ज्या भागात बसतं त्याला गॅसचा व्हॉल्व्ह चिकटून असतो.

आता दुसरी गत, टिकटिक जोरात येतेय पण जाळ लागत नाही. म्हणजे पाणी आणि सेल ठीक आहेत, गॅसकडं बघा. रेग्युलेटर चालू आहे का, मधला कॉक कुणी बंद केलाय का, हे हसण्यावारी नेऊ नका, घरात चार माणसं असली की होतंय. शेगडी त्याच सिलेंडरवर असेल तर पेटवून बघा, जाळ मंद असेल तर सिलेंडर संपत आलाय. गिझरचा सिलेंडर वेगळा असेल तर वजन करा, रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, भरलेल्यात त्यापेक्षा १४.२ किलो जास्त. मिनिटाला ६ लिटरचा गिझर पूर्ण जाळावर तासाला किलोभराच्या आसपास गॅस खातो, म्हणजे शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या कितीतरी पट, त्यामुळं शेगडीला पुरेल एवढा गॅस शिल्लक असला तरी गिझरला तो पुरेल असं नाही. त्यात थंडीची पहाट. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, आत ते पातळ असतं आणि उकळून वायू होऊन वर येतं, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणून सिलेंडर गार पडला आणि तळाला थोडंच राहिलं असलं की वायू हवा तेवढ्या वेगानं तयारच होत नाही. अशा वेळी काही लोक सिलेंडर आडवा पाडतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. असलं काही करू नका, आडवा केला की पातळ गॅस थेट रेग्युलेटरमधनं बर्नरपर्यंत येतो आणि जाळ केवढा होईल याचा नेम नाही. सिलेंडर बदला, विषय संपला.

नवा सिलेंडर लावल्यावर पाइपमधली हवा निघेपर्यंत एक-दोन वेळा पेटणार नाही, नळ बंद करून परत सोडा. तरीही नाहीच पेटला तर सोलेनॉइड उघडत नसेल किंवा जेटमध्ये, म्हणजे गॅस बर्नरला जायच्या बारीक भोकात, कचरा असेल. गॅस गिझर बरेच महिने बंद ठेवला की बर्नरच्या तोंडाशी कोळिष्टकं धरतात, हे फार होतंय.

पेटतो पण थोड्या वेळानं विझतो, ही तिसरी तक्रार. २० मिनिटांनी विझत असेल तर तो टायमर आहे, बऱ्याच मॉडेलमध्ये असतो, सुरक्षेसाठीच असतो, नळ बंद करून परत सोडला की चालू होतो. त्याला बायपास करून द्या असं मेस्त्रीला कधीही सांगू नका, आणि कुणी करून देतो म्हटला तर त्याला परत बोलवू नका. पाच-दहा सेकंदातच विझत असेल तर सेन्सरच्या पिनवर काजळी बसलेली असते, त्यामुळं जाळ असून सर्किटला कळत नाही. गिझर थंड झाल्यावर, गॅस बंद करून, सेल काढून, पुढचं कव्हर काढून त्या पिनला बारीक पॉलिश पेपर हलका मारा, वाकवू मात्र नका. पाणी फार कमी सोडलं आणि ते कढत झालं तरी थर्मोस्टॅट गिझर बंद करतो.

जाळाचा रंग खिडकीतनं रोज बघायची सवय लावा. निळा पाहिजे. पिवळा-तांबडा जाळ, वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी, किंवा नळ सोडल्यावर थोडं थांबून भस्सदिशी मोठा भडका होऊन पेटणं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवसापासून वापर बंद. आंघोळीला शेगडीवर पातेलं ठेवा नाहीतर परड्यातला बंब पेटवा, पण तो गिझर सर्व्हिसिंग झाल्याशिवाय लावू नका.

उपनगरात बोअरच्या पाण्यावर असाल तर कॉइलमध्ये, म्हणजे पाणी जिच्यातनं तापत जातं त्या नळीत, क्षार बसतात. ओळखायची खूण म्हणजे थंड नळाला धार चांगली आणि गरम नळाला बारीक, आणि गिझरमधनं पाणी उकळल्यासारखा आवाज. कॉइल सोडवून त्यात सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे लिंबूसत्वाचं, पाणी फिरवून साफ करतात. संडास धुवायचं ॲसिड ओतणारे पण आहेत, त्यानं धातू खाल्ला जातो आणि कॉइल गळायला लागते.

पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी, म्हणजे २०१९ ला आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे पटेल, गिझर बुडाला असेल तर वाळवून चालू करून बघायचा मोह टाळा. सर्किट बॉक्स तर जातोच, पण गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये आणि रेग्युलेटरमध्ये चिखल राहिला तर तो पूर्ण बंद होणार नाही. रेग्युलेटर आणि सिलेंडर एजन्सीकडनं तपासून घ्या, नळी नवी घाला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की सिलेंडर काढून वर नेऊन ठेवलेला बरा.

नळी सुद्धा बघा, नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायचीच. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू पण नाही आणि बंद पण नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर येऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या तातडीच्या नंबरला, फोन. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो, म्हणून खालचं दार उघडणं महत्त्वाचं.

मेस्त्रीला फोन करताना नुसतं गिझर बंद आहे असं सांगू नका. टिकटिक येते का, जाळ लागतो का, किती वेळानं विझतो, सेल कधी बदलले, हे सांगितलं की तो डायफ्रॅम नाहीतर सोलेनॉइड सोबतच घेऊन येईल, सुटा भाग आणायला लक्ष्मीपुरीच्या बाजारात परत चक्कर मारायला नको. आणि त्यानं गॅसच्या बाजूचं काहीही खोललं असेल तर जायच्या आधी प्रत्येक जॉइंटला साबणाचा फेस लावून, गॅस चालू ठेवून, बुडबुडा येत नाही हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा, काडी ओढून नव्हे.