अ‍ॅजाइल टीमचा अभ्यास करायचाय? आधी माणसं मोजायची की टीम, ते ठरवा

अ‍ॅजाइल (म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) टीमवर्कवर प्रबंध करायला निघालेला विद्यार्थी बहुधा गूगल फॉर्मपासून सुरुवात करतो. ओळखीपाळखीच्या इंजिनिअरांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक जाते, 150 उत्तरं येतात, सरासरी निघते. पण ते 150 जण 120 वेगवेगळ्या टीममधले असतील, तर हातात एकाही टीमची धड माहिती नसते. टीमवर्क हा एकट्यादुकट्याचा गुण नव्हे. त्यामुळे आधी टीम निवडायच्या, मग त्यातली माणसं. 30 टीम आणि प्रत्येकीतले पाच जण घेतले, तर उत्तरं 150च येतात, पण टीमच्या पातळीवर तुमचा नमुना 30चा असतो. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

टीमची सरासरी काढण्याआधी त्या पाच जणांचं एकमेकांशी जुळतंय का ते तपासा. एकाच प्रश्नाला 1 ते 5 या मापावर 4, 4, 5, 4, 3 अशी उत्तरं आली, तर त्यांचं प्रसरण (व्हेरियन्स, म्हणजे उत्तरं किती विखुरलीत ते) 0.5 येतं. डोळे मिटून उत्तरं दिली असती तर ते 2 आलं असतं. 0.5 भागिले 2 म्हणजे 0.25. ते 1 मधून वजा केलं की 0.75 उरतं. एकमत मोजणाऱ्या या आकड्याला आरडब्ल्यूजी म्हणतात आणि 0.70 ही त्याची रूढ किमान मर्यादा आहे. आता 1, 5, 5, 2, 5 घ्या. सरासरी 3.6, दिसायला बरी. प्रसरण मात्र 3.8, म्हणजे वरचा हिशेब उणे जातो. या टीमची सरासरी छापू नका. तिथे दोन तट पडलेत, आणि मुलाखतीसाठी पहिली निवड हीच टीम. जोडीला आयसीसीही काढा (क्रिकेटवाली नव्हे, इंट्राक्लास कोरिलेशन). टीम-टीममधला फरक खरा आहे की नाही, ते त्यावरून कळतं.

प्रश्न स्वतः रचायच्या भानगडीत पडू नका. होगल आणि गेम्युंडन यांनी 2001 साली मांडलेली टीमवर्कच्या दर्जाची मोजपट्टी तयार आहे. संवाद, समन्वय, प्रत्येकाच्या वाट्याचा समतोल, परस्परांना मदत, मेहनत आणि एकोपा अशी तिची सहा अंगं. नॉर्वेच्या लिंडशॉर्न आणि सहकाऱ्यांनी 2016 साली तीच 71 अ‍ॅजाइल टीममधल्या 477 जणांना लावली. सदस्य आणि टीमप्रमुखांच्या उत्तरांत टीमवर्क आणि कामगिरी यांचं नातं ठळक दिसलं. कामगिरीचे गुण प्रॉडक्ट ओनरने (टीमने काय बनवायचं ते ठरवणाऱ्याने) दिले, तेव्हा मात्र ते नगण्य ठरलं. ‘आमचं छान जमतं’ म्हणणारा ‘आमचं कामही छान होतं’ असंच म्हणणार. म्हणून कामगिरीचा फॉर्म प्रॉडक्ट ओनरकडून वेगळा भरून घ्या. त्याच्यामागे महिनाभर लागावं लागेल, तेवढा वेळ वेळापत्रकात धरा.

निरीक्षणात खरी मजा आहे. सर्वांत स्वस्त जागा म्हणजे रोजचं स्टँडअप. पंधरा मिनिटांची बैठक, एक छापील तक्ता, घड्याळ आणि पेन. सुरुवात-शेवटाची वेळ, कोण कोणाकडे बघून बोललं, अडचण निघाली का, निघाल्यावर कोणी ‘मी बघतो’ म्हटलं का, एवढे रकाने पुरेत. प्रत्येक वाक्य स्क्रम मास्टरकडेच (स्क्रम ही अ‍ॅजाइलची एक पद्धत, ती टीममध्ये नीट राबवायला मदत करणारा तो) जात असेल, तर ती हजेरी आहे. व्हिक्टोरिया स्ट्रे आणि सहकाऱ्यांनी 12 टीमची 79 स्टँडअप पाहिली. माहितीची देवाणघेवाण आणि अडचणी सोडवायची संधी लोकांना आवडत होती, साहेबाला हिशेब देणं नकोसं होतं. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे, हे तीन प्रश्न कोणी विचारत नसेल तर ‘नियम मोडला’ असं लिहून मोकळं होऊ नका. स्क्रम गाइडच्या (स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेच्या) 2020च्या आवृत्तीत ते प्रश्नच नाहीत.

पहिल्या दोन-तीन भेटींत सगळे शहाण्यासारखे वागतात. त्या नोंदी ठेवा, पण निष्कर्ष त्यांवर उभे करू नका. ऑनलाइन स्टँडअपमध्ये कॅमेरे बंद असतात आणि खरं बोलणं शेजारच्या चॅटवर चाललेलं असतं, म्हणून परवानगी मागतानाच चॅटचाही उल्लेख करा. पुण्यातली टीम न्यूयॉर्कच्या ग्राहकासोबत संध्याकाळी सातला भेटत असेल, तर नोव्हेंबरात तीच बैठक आठला सरकते, कारण तिथली घड्याळं मागे जातात. कंटाळलेल्या चेहऱ्यांचं खापर स्क्रमवर फोडण्याआधी हे आठवा.

मुलाखतीत ‘तुमच्याकडे टीमवर्क कसं आहे?’ विचारलंत की एचआरच्या भिंतीवरचं पोस्टर ऐकायला मिळतं. ‘मागच्या स्प्रिंटमध्ये अडलेलं एक काम सांगा, कोणाला कधी सांगितलंत, मग काय झालं?’ असं विचारा (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक आठवड्यांचा टप्पा). तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास धरा. मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ जशीच्या तशी उतरवा, भाषांतर शेवटी फक्त उद्धृतांचं करा. ‘बघू’ आणि ‘करतो’ यांतला फरक इंग्रजीत जाताना हरवतो. पदनामावरही विसंबू नका. राशिना होडा आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंड व भारतातल्या 23 संस्थांमधल्या 58 जणांशी बोलून स्वयंसंघटित टीममधल्या सहा अनौपचारिक भूमिका शोधल्या. ग्राहकाची भाषा डेव्हलपरांना आणि त्यांची ग्राहकाला समजावणारा ‘दुभाषी’ ही त्यांतली एक. असा माणूस कोणाच्याही व्हिजिटिंग कार्डावरून सापडत नाही.

जिराचा (टीमच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटा फुकट मिळतो म्हणून मोह होतो. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं, याचा टीमने लावलेला अंदाज) दोन टीममध्ये कधीही तोलू नका, प्रत्येकीचा गज निराळा. ‘डन’च्या (काम झालं अशा नोंदीच्या) वेळाही जपून वापरा, कारण स्प्रिंटच्या शेवटच्या दुपारी पाच मिनिटांत बोर्डावरची कामांची दहा कार्डं सरकवलेली दिसतील. काम कधी संपलं ते त्यावरून कळत नाही, बोर्ड कधी आवरला ते कळतं.

परवानगीचं पत्र कायदा विभागात दोन-तीन महिने पडून राहू शकतं, तेव्हा ते पहिल्या सत्रातच धाडा. आणि नाव बदललं म्हणजे ओळख पुसली असं नाही. सात जणांच्या टीममध्ये एकच टेस्टर असेल, तर ‘टेस्टर म्हणाली’ एवढ्यावरून मॅनेजर तिला ओळखतो. तिथे ‘एक सदस्य’ लिहा, आणि ते वाक्य छापण्याआधी तिला दाखवा.