घरच्या आयएनआर मशीनचा आकडा कुठे चुकतो? या चुका टाळा

वॉर्फरिन किंवा असिट्रोम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या घरात हा घोळ हमखास होतो: आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, मशीन ३.४ दाखवतं आणि लॅबचा रिपोर्ट २.८ येतो. मशीनला दोष देण्याआधी बोट टोचल्यानंतरचे १५ सेकंद तपासा. पुढचे आकडे कोॲग्युचेक एक्सएस या मशीनचे आहेत. तुमचं मशीन वेगळं असेल तर त्याची माहितीपुस्तिका बघा.

शुगर तपासायची सवय इथे नडते

ग्लुकोमीटरसाठी अनेकांना पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायला शिकवलेलं असतं. इथे मात्र पहिलाच थेंब हवा, आणि तोही टोचल्यापासून १५ सेकंदांच्या आत पट्टीवर. आपण रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतोय, आणि रक्त बाहेर आलं की गोठण्याची क्रिया लगेच सुरू होते. बोट जोरात पिळलं तर पेशींमधला द्रव रक्तात मिसळतो, त्यातल्या टिश्यू फॅक्टर या गोठण्याला चालना देणाऱ्या प्रथिनामुळे ही क्रिया पट्टीवर पोचायच्या आधीच वेग घेते.

थेंब निदान ८ मायक्रोलिटरचा लागतो, शुगरच्या थेंबापेक्षा बराच मोठा. कमी पडला म्हणून वरून दुसरा टाकू नका. ती पट्टी फेका. नवी पट्टी, नवी लॅन्सेट (टोचायची सुई) आणि दुसरं बोट घ्या.

मोठा थेंब हवा तर मेहनत टोचण्याआधी करायची. कोमट पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्या. हात थोडा वेळ खाली सोडा, तळव्याकडून बोटाच्या टोकाकडे हलकं चोळा. पट्टी आधी मशीनमध्ये घाला; ती गरम होऊन स्क्रीनवर थेंबाचं चिन्ह लुकलुकायला लागलं की मगच बोटाच्या कडेला टोचा. रक्त लावायला ते चिन्ह दिसल्यापासून १८० सेकंद असतात, त्यामुळे टोचायची घाई नको. मोजणी चालू असताना मशीन सपाट टेबलावर राहू द्या.

पट्ट्या आणि चिप

पट्ट्या २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कपाटातली डबी ही मर्यादा सहज ओलांडते. मशीनही १८ ते ३२ अंशांतच चालवायचं. कोकणात दमटपणा हा शत्रू: पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा आणि ती १० मिनिटांत वापरा. नवी डबी म्हणजे नवी कोड चिप. स्क्रीनवरचा आकडा डबीशी जुळवून बघा.

लॅबशी तुलना

दोन्ही तपासण्या जवळजवळ एकाच वेळी व्हायला हव्यात. आजचं मशीन आणि परवाची लॅब ही तुलनाच नव्हे. लॅबही चुकू शकते: सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत रक्त खुणेपर्यंत भरलं नाही, तर आयएनआर खोटा वाढतो. शिवाय अशा घरगुती मशीनसाठीच्या आयएसओ १७५९३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार २.० ते ४.५ या टप्प्यात ९० टक्के रीडिंग लॅबच्या ३० टक्क्यांच्या आत असली तरी पुरे. म्हणून एकाच रीडिंगवर गोळी स्वतःहून बदलू नका. ४.५च्या वर आकडा आला तर डॉक्टरांना कळवून शिरेतल्या रक्तावर खात्री करा. काळी शी, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार असेल तर आकड्याची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

ज्यांचं रीडिंग मुळातच बेभरवशाचं

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये (रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक प्रतिकारशक्तीचा आजार) मशीन खोटा जास्त आकडा दाखवू शकतं. तीव्र ॲनिमियात, म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) २५ टक्क्यांखाली असताना, त्यावर विसंबता येत नाही. आयएनरेशिओ हे दुसरं मशीन लॅबपेक्षा बरंच कमी आकडे दाखवण्याच्या तक्रारींनंतर २०१६ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. जुनं कुणी देत असेल तर घेऊ नका. आणि रिव्हारोक्सबान, अपिक्सबान, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांचा परिणाम या मशीनवर मोजताच येत नाही.