कोकणातल्या घरात मॉडेल रेल्वे: क्रॉसिंगचं एक स्टेशन उभं करायचं कसं

कोकणात मॉडेल रेल्वे करायची तर आधी दोनच गोष्टी ठरवायच्या, काय दाखवायचं आणि पावसाळ्यात ते कुठे ठेवायचं. स्केल, रूळ, एंजिन, वायरिंग हे सगळं त्यावरून ठरत जातं. बरेचजण उलटं करतात, आधी ट्रेन सेट आणतात, गोल रूळ मांडतात, थोडे दिवस गाडी गोल गोल फिरते आणि मग खोका माळ्यावर जातो, आणि पुढच्या पावसात त्यातल्या चाकांना गंज चढतो.

काय दाखवायचं ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे, क्रॉसिंगचं एक छोटं स्टेशन करा. कोकण रेल्वेची रोहा ते ठोकूर ही लाइन बहुतेक सगळी सिंगल, त्यामुळे एक गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घालायची, समोरची सोडायची, मग पहिली सोडायची, हे रोजचंच. ह्या लाइनवरून गणपतीला गावी आलेला कुठलाही माणूस कुठल्यातरी लहान स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबलेलाच असतो. मॉडेलमध्ये ह्याला लागतं काय तर एक मेन लाइन, एक लूप, दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे), एक प्लॅटफॉर्म आणि दोन्ही टोकांना गाडी दिसेनाशी व्हायला जागा. एवढ्यात दोन गाड्यांचा असा खेळ होतो की कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वेळी काहीतरी करावं लागतं, नुसतं बघत बसायचं नसतं.

पूर्ण घाट, चार बोगदे, दोन पूल असलं सगळं एकदम घ्यायचं मनात येतं ते मी समजू शकतो पण आकडे एकदा बघा. कोकण रेल्वेचे वळण बहुतेक ठिकाणी १२५० मीटर त्रिज्येच्या आत जात नाही, हे एचओ स्केलमध्ये म्हणजे १:८७ मध्ये १४ मीटरच्या वर जातं. करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटर, तो ७५ मीटर होईल. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, तोसुद्धा जवळजवळ पाऊण मीटर उंच आणि पाच मीटर लांब येतो. घरात मावणारी खरी गोष्ट एकच, स्टेशन, आणि तेही आखडूनच.

स्केलचं सांगतो. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिमी. एचओचा रूळ १६.५ मिमी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, ती १:८७ ने १९ मिमीच्या थोडी वर येते, म्हणजे बाजारातला एचओ रूळ आपल्या गाडीखाली जरा अरुंद दिसणार. त्याचं टेन्शन घेऊ नका, खडी भरली आणि रुळांना गंजाचा तपकिरी रंग दिला की डोळा तिकडे जात नाही. जागा वाचवायची तर एन बरं, पण समुद्राजवळच्या घरासाठी मी एचओच सांगेन, कारण एनची एंजिनं हलकी, रुळावर थोडा काळा थर आला की लगेच अडखळतात, आणि खारी हवा तो थर आणतेच. जुना आयसीएफ (चेन्नईच्या कोच फॅक्टरीचा) डबा एचओमध्ये साडेपंचवीस सेंटिमीटर, डिझेल एंजिन साधारण २४, म्हणजे एंजिन आणि तीन डबे मिळून एक मीटर. हा मीटर लक्षात ठेवा, सगळी मापं ह्याच्यावरच निघतात. लूपवर गाडीला सव्वा मीटर सरळ पाहिजे, पॉइंट एकेक वीत धरा, दोन्ही बाजूंना लपायला सव्वा सव्वा मीटर, झाले सव्वाचार मीटरच्या आसपास. पडवीच्या आतल्या भिंतीला किंवा माजघरात एवढं सरळ मिळतं. नसेल मिळत तर कोपऱ्यात वळवा, पण वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटरच्या खाली नको, नाहीतर लांब डबे वळणावर इतके बाहेर येतात की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात.

आता बेस. इथे पैसे वाचवायला जाऊ नका. साधा प्लाय किंवा एमडीएफ कोकणात दोन पावसात फुगतो, आणि वाळवी लागली तर बघायलाच नको. ७१० ग्रेडचा १२ मिमी मरीन प्लाय घ्या. आठ बाय चारच्या एका शीटचे सुताराकडून लांबीला तीन पट्टे काढून घ्यायचे आणि प्रत्येक पट्टा मधोमध कापायचा, चार फूट लांब आणि १६ इंच रुंद असे सहा बोर्ड मिळतात, चार लेआउटला, म्हणजे ह्या सगळ्या मांडणीला, आणि दोन पुढे वाढवायला. प्रत्येकाला खालून दोन बाय एकची चौकट मारा. कडा, खालची बाजू, स्क्रूची भोकं, सगळीकडे प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या, कापलेली कड उघडी राहिली की पाणी तिथूनच शिरतं. बोर्ड एकमेकांना नटबोल्टने जोडा, खिळे नकोत, म्हणजे आगोटीच्या (पावसाआधीच्या) कामांच्या वेळी एकेक सोडवून आत कपाटावर ठेवता येतो. भिंतीपासून चार बोटं सोडून मांडायचं, पश्चिमेची भिंत असेल तर जास्तच, कारण जांभ्याची भिंत जुलैत ओल धरते.

कोकण रेल्वेचा चढ साधारण १५० ला १ च्या आत ठेवलेला आहे, म्हणजे आपल्या डोळ्याला ती लाइन सपाटच. चढउतार असतो तो जमिनीला. लेआउटमध्येही तसंच करायचं, रूळ एका पातळीत ठेवायचा आणि जमीन कुठे वर, कुठे खाली न्यायची. व्हाळावरचा पूल पाहिजे तर रूळ उचलू नका, त्या बोर्डाचा मधला एक फुटाचा भाग कापून सहा इंच खाली बसवा आणि रूळ वरून पुलावर न्या. एका बाजूला लाल कटिंग, एका बाजूला भराव, मध्ये मोरी. एवढ्याने चित्र कोकणाचं दिसायला लागतं, आणि एंजिनाला चढाचा त्रासही नाही.

रूळ निकेल सिल्वरचेच घ्या. स्टीलचे रूळ स्वस्त मिळतात पण समुद्रकिनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या आत राहत असाल तर ते घेऊच नका. निकेल सिल्वरवरही काळपट थर येतो पण तो पुसला जातो, गंज पुसला जात नाही. रूळ बसवायचं काम शक्यतो ऐन पावसात करू नका. ओलीत लाकूड थोडं फुगलेलं असतं, तेव्हा सांधे घट्ट बसवले की डिसेंबर-जानेवारीत बेस आकसतो, रुळांना जागा राहत नाही आणि मधेच रूळ वर उचलला जातो. कोरड्या दिवसांत बसवा आणि सांध्यात कार्डपेपरच्या जाडीएवढी फट सोडा. दोन बोर्डांच्या जोडावर रूळ कापलेलाच असतो, तिथे दोन्ही टोकं पितळी स्क्रूवर डाग देऊन (सोल्डर करून) पक्की करा, म्हणजे बोर्ड काढताना घालताना रूळ हलत नाही.

चाचणी हाताने करायची. एंजिन लावायच्या आधी एक डबा घ्या, बोटाने हळू ढकलत पूर्ण लाइनवरून न्या, डोळे रुळाच्या पातळीला आणून बघा. चाक जिथे टक् करून उडी मारतं तिथे सांध्यात चूक आहे, बोट फिरवलं की कळतं, एका रुळाची कड वर आलेली असते. बारीक कानशीने आतली कड गोल करून घ्या. एखादाच डबा सारखा पॉइंटवर उतरत असेल तर रूळ बिघडवत बसू नका, त्या डब्याची चाकं व्हर्नियरने मोजा, एचओमध्ये दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिमी पाहिजे.

वायरिंगमध्ये एकच नियम पाळलात तरी निम्मी डोकेदुखी वाचते. दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर करंटसाठी विसंबायचं नाही. आपल्या हवेत त्यांच्या आत हिरवट थर साचतो, वरून सगळं चकचकीत दिसतं आणि गाडी मात्र तिथे गेल्यावर मंदावते. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतःची वायर डाग द्या आणि ती बोर्डाखालच्या जाड वायरीला जोडा, घरातल्या फिटिंगला लागते ती १ स्क्वेअर एमएमची तांब्याची चालते, लाल आणि काळी. डाग देताना अ‍ॅसिडचा फ्लक्स नको, राळेचा वापरा, अ‍ॅसिड राहिलं की ओलीत तिथूनच कुजायला सुरुवात होते. जास्त वॅटची सोल्डरिंग गन घेऊन पटकन डाग देऊन बाजूला व्हायचं, कमी ताकदीची गन धरून बसलात तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात, दोन्ही बाजूला ओला कापूस ठेवला तर अजून चांगलं.

दोन गाड्या म्हणजे डीसीसी (प्रत्येक एंजिन वेगळं चालवता येणारी डिजिटल पद्धत) पाहिजेच असं नाही. साध्या १२ व्होल्ट डीसी कंट्रोलरवर क्रॉसिंग मस्त होतं. मेन, लूप आणि दोन्ही टोकांचे लपायचे रूळ असे चार भाग करा, मध्ये प्लॅस्टिकच्या फिशप्लेट घाला आणि प्रत्येकाला एक साधा स्विच द्या. लूपचा स्विच बंद केला की तिथली गाडी थांबून राहते, मेनवरून दुसरी काढा, मग दिशा बदला, पॉइंट फिरवा आणि लूपचा स्विच चालू करा. डीसीसी नंतर हवं तेव्हा घ्या, वायरिंग तीच चालते.

आता मजेचं काम, देखावा. ज्यांनी घरात गणपतीचं मखर केलंय त्यांना डोंगर शिकवायची गरज नाही, कागदाचा लगदा, पीओपीत बुडवलेल्या बँडेजच्या पट्ट्या, सगळं तसंच. थर्माकोल वापरलात तर सॉल्व्हंटवाला गोंद त्याला लावू नका, विरघळतो, फेव्हिकॉल चालतो. माती मात्र आपलीच वापरा. परसातली जांभ्याची माती उन्हात खडखडीत वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळली की असा रंग मिळतो जो कुठल्याही डबीत मिळत नाही. खडीसाठी क्रशरवरची काळी कच चाळून घ्या, खरी खडी साधारण ५ सेंटिमीटरची, ती १:८७ ने अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, तेव्हा वस्त्रगाळ पीठ आणि रवा ह्यांच्या मधलं काहीतरी पाहिजे. पण माती आणि कच दोन्हीवरून लोहचुंबक फिरवायला विसरू नका. जांभ्यात आणि काळ्या दगडात लोहाचे कण असतात, एंजिनाची मोटर ते ओढून घेते आणि गिअरमध्ये जाऊन बसतात. पुळणीवरची वाळू कितीही सुंदर दिसली तरी नको, तिच्यातलं मीठ ओल ओढत राहतं आणि शेजारचा रूळ काळा करतं.

खडी कोरडीच पसरून ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवून घ्या, स्लीपरच्या वर एक दाणा राहता कामा नये. मग साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी स्प्रे करा, आणि भिजल्यावर निम्मा फेव्हिकॉल निम्मं पाणी ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांजवळ गोंद जाऊ द्यायचा नाही, तिथे खडी अगदी नावाला. हे काम दिवाळीनंतर करा, पंखा लावून वाळवा, पावसात गोंद वाळायच्या आधी बुरशी येते.

चिऱ्याच्या भिंतीसाठी सव्वा फुटाचा चिरा एचओमध्ये चार मिमीच्या थोडा वर भरतो, जाड कार्डावर तेवढ्या मापाने रेघा मारून वर जांभी मातीच फेव्हिकॉलमध्ये कालवून लावा. कौलांना खोक्याच्या पुठ्ठ्यातला नालीदार कागद. माडाच्या झावळ्या हिरव्या कागदाच्या, कडेला बारीक कातरून, आणि माड सगळे सरळ लावू नका. गवताला काथ्या बारीक कापून रंगवा. भातखाचरं करणार असाल तर महिना ठरवा, जूनमधला पोपटी तरवा आणि ऑक्टोबरमधलं पिवळं भात एकाच लेआउटवर नाही चालत. काळही ठरवा. २०२२ साली पूर्ण लाइनचं विद्युतीकरण झालं, आजचं स्टेशन दाखवायचं तर खांब आणि ओव्हरहेड वायर करावी लागेल. डिझेलचा काळ घेतला तर ते काम वाचतं, आणि हात घालून रूळ पुसायलाही मोकळं राहतं. नवीन माणसाने डिझेलच घ्यावं. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, गाड्या सोडून रस्ते, इमारती, दिवे कसे बसवलेत ते बघा.

पावसाळ्याचं आता. एंजिनं आणि डबे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करायच्या. लेआउटवर जुनी सुती चादर, प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं. बोगद्याला मागून हात जाईल एवढं दार ठेवा, गाडी नेमकी आतच उतरते म्हणून तर हवंच, पण कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते आणि ते सुकलं की दगडासारखं होतं. महिनाभर बंद असलेला बोगदा आधी टॉर्च मारून बघा, मगच गाडी सोडा. वायरी क्लिपमध्ये घट्ट धरून ठेवा, लोंबत्या वायरी उंदीर पहिल्या तोडतात. गडगडायला लागलं की कंट्रोलरचा प्लग काढा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडक्याने पुसा, सँडपेपर कधीच नको, त्याच्या ओरखड्यात घाण जास्त धरते, आणि रुळाबरोबर चाकंही पुसली नाहीत तर दुसऱ्या फेरीत सगळं पुन्हा काळं.

एवढं चालायला लागलं की सुधारणा एकेक करत जा, स्टेशनात एलईडी दिवे, १२ व्होल्टवर प्रत्येकाला एक किलोओमचा रेझिस्टर, मग होम सिग्नल (स्टेशनात शिरण्याआधीचा), मग पॉइंटला मोटर. सगळ्यात मोठा फरक मात्र वेगाने पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. खऱ्या लाइनवर मुसळधार पावसात समोरचं नीट दिसत नसेल तर गाडी ताशी ४० च्या आत चालवतात. एचओमध्ये हा वेग म्हणजे सेकंदाला १३ सेंटिमीटरच्या आसपास. रुळाकडेला एक मीटरच्या दोन खुणा करा, घड्याळ लावा आणि पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत एंजिनाला साधारण ८ सेकंद लागतील असा नॉब लावा. त्या वेगाला एंजिन कुठेही न अडखळता लूपवर येऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाशी थांबलं की मग दुसरी गाडी सोडा.