गच्चीवर पाच अँटेना लावून सिग्नलची दिशा कशी काढावी

एका उभ्या अँटेनावरून सिग्नल कुठून येतोय ते कळत नाही. पाच गोलाकार मांडल्या, की लाट एकीपाशी किंचित आधी पोचते, दुसरीपाशी नंतर. हा फेजमधला, म्हणजे लाटेच्या चढउतारातल्या टप्प्याचा फरक मोजूनच दिशा निघते. त्यामुळे या कामात सॉफ्टवेअरपेक्षा मेजरटेपचा मान मोठा.

सरावाला आकाशवाणी कोल्हापूरचं १०२.७ मेगाहर्ट्झ घ्या. तरंगलांबी साधारण २.९२ मीटर. शेजारच्या दोन अँटेनांमधलं अंतर तिच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे १.४६ मीटरपेक्षा कमी हवं, नाहीतर खोट्या दिशा दिसू लागतात. ८० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून त्यावर ७२-७२ अंशांवर खुणा केल्या, तर हे अंतर सुमारे ९४ सेंटिमीटर येतं. एवढं पुरे. सरळ रेषेतली मांडणी सोपी वाटते, पण तिला पुढचं आणि मागचं यांत फरक कळत नाही.

सांगाडा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात अॅल्युमिनियमचा करून घ्यायचा मोह होईल. आवरा. धातूचे हात सिग्नल बिघडवतात. तिथून पाच सारखे क्लॅम्प तेवढे करून घ्या, हात पीव्हीसी पाइपचे ठेवा. प्रत्येक हाताच्या टोकाला उभा डायपोल, म्हणजे दोन दांड्यांची अँटेना, वरखाली साधारण ७०-७० सेंटिमीटर. केबल आडवी मध्याकडे आणा. डायपोलला चिकटून खाली सोडू नका.

केबलवर खरा वेळ घालवा. पाचही तुकडे एकाच रिळातले, एकाच लांबीचे. साध्या आरजी-५८ केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला १० सेंटिमीटरची तफावत म्हणजे जवळजवळ १९ अंशांची फेज. ८६६ मेगाहर्ट्झला तर १ सेंटिमीटरच १६ अंश खातो! पाचही तुकडे शेजारी शेजारी पसरा, कनेक्टर बसवल्यावर पुन्हा मोजा, आणि मगच १ ते ५ आकडे चिकटवा.

रिसीव्हर पाच चॅनेलचा, पण एकाच क्लॉकवर, म्हणजे ताल देणाऱ्या एकाच आतल्या घड्याळावर चालणारा लागतो. क्रॅकेनएसडीआर तसा आहे. पाच सुटे डोंगल (छोटे यूएसबी रिसीव्हर) जोडून भागत नाही, प्रत्येकाचं क्लॉक वेगळं धावतं. सॉफ्टवेअरमध्ये त्रिज्या भरा, अँटेनांचा क्रम त्यातल्या आकृतीप्रमाणेच लावा. क्रम उलटा झाला आणि पहिली अँटेना उत्तरेला असली, तर पूर्वेचं स्टेशन पश्चिमेला दिसेल. गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, कमीच ठेवा, जवळचा एफएम टॉवर रिसीव्हर गुदमरवतो. दिशा काढायची गणिती पद्धत ‘म्यूझिक’ (MUSIC) निवडा. पाच अँटेनांवर ती जास्तीत जास्त चार स्रोत वेगळे काढते.

उत्तर दिशा ठरवताना होकायंत्रावर विसंबू नका, स्लॅबमधल्या सळया त्याला फसवतात. नकाशात लांबची ठळक खूण धरा. हवा स्वच्छ असेल तर वायव्येला पन्हाळा दिसतो, त्यावरून रोख लावा.

आता टॉवरची नकाशातली दिशा आणि स्क्रीनवरची दिशा ताडून पाहा. नेहमी तेवढाच फरक पडत असेल तर पहिली अँटेना वाकडी बसली आहे. आकडा नाचत असेल तर शेजारचा पत्रा किंवा जिन्याचं लोखंडी रेलिंग सिग्नल परतवतंय. सांगाडा उंच करा, नाहीतर रंकाळ्याच्या काठी मोकळ्यावर नेऊन पुन्हा बघा.

स्रोत नेमका कुठे आहे हे हवं असेल तर दोन लांबच्या ठिकाणांहून रेघा मारा. ५ अंशांची चूक १० किलोमीटरवर पाऊण किलोमीटरहून जास्त भरते, म्हणून तिसरी रेघही घ्या. आणि वळवाचे ढग दिसले की आधी सांगाडा खाली.