सायकॉलॉजी मेजर घेताय? विषय निवडताना या चुका टाळा

दरवर्षी सहावं सत्र सुरू झालं की स्टाफरूमच्या दारात कुणीतरी घुटमळतं. "मॅडम, मला क्लिनिकल करायचंय. आता काय करू?" गुणपत्रक पाहावं तर संख्याशास्त्राच्या पेपरला केटी, मायनर म्हणजे जोडविषय मैत्रिणीनं घेतला म्हणून घेतलेला, आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण, मामाच्या ऑफिसात. मुलगी हुशार असते, कष्टाळूही असते. फक्त प्रत्येक सत्राचा फॉर्म तिनं शेवटच्या तारखेला, रांगेत उभं राहून भरलेला असतो.

इतिहास किंवा मराठीच्या विद्यार्थ्याचं एवढ्यानं फारसं बिघडत नाही. सायकॉलॉजीत बिघडतं, कारण बी.ए.नंतरच्या प्रत्येक वाटेच्या अटी वेगळ्या आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यातल्या बऱ्याच बदलल्या आहेत. त्यामुळे आधी कुठे पोचायचं ते ठरवून तिथून मागे मागे येत सत्रं आखावी लागतात.

"क्लिनिकल" हा शब्द ऐकून थांबणं

एफवायच्या वर्गात "पुढे काय?" असं विचारलं की निम्मे हात क्लिनिकलसाठी वर जातात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "माझ्याशी सगळे मन मोकळं करतात." हे चांगलंच आहे, पण ती पात्रता नव्हे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. ही परिषद 1992 च्या कायद्याखाली चालते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही आरसीआयमान्य शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण यांवरच उभी आहे.

घोळ होतो तो इथे. एखाद्या विद्यापीठाच्या एम.ए. सायकॉलॉजीत "क्लिनिकल स्पेशलायझेशन" असतं. अभ्यासक्रम उत्तम असतो, शिकवणारेही उत्तम असतात, पण त्याला आरसीआयची मान्यता नसेल तर त्या पदवीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. प्रवेश घेण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडून त्या संस्थेचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव शोधा. संस्थेला दुसऱ्याच कोर्ससाठी मान्यता असते आणि माहितीपुस्तिकेत मात्र ठळक अक्षरांत "आरसीआय" झळकतं, असंही घडू शकतं.

दुसरा घोळ जुन्या सल्ल्याचा. "एम.ए. कर, मग एम.फिल. कर" ही वाट आमच्या पिढीची. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. ही पदवी 2022 च्या नियमांत बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना सवलत देऊन 2025-26 पर्यंत प्रवेशाची मुभा ठेवली. आरसीआयने दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (डॉक्टरेट पातळीची पदवी) असे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून आखणी करू नका, मग तो कितीही गोड आवाजात असो.

आणि क्लिनिकल म्हणजे अख्खं सायकॉलॉजी नाही. शाळेत समुपदेशक व्हायचं असेल तर एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका आहे. कंपन्यांमधल्या कामासाठी औद्योगिक मानसशास्त्र आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सायकॉलॉजी हा वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांचे दोन पेपर. मुलाखतीतून संशोधन करणारे, चाचण्या बांधणारे, वापरकर्त्यांच्या सवयी अभ्यासणारे लोकही याच विषयातून येतात. टीवायपर्यंत यातलं एकही नाव कानावर पडत नाही, याचा दोष आम्हा शिक्षकांकडेही जातो.

एम.ए. घरबसल्या करू, असं धरून चालणं

नोकरी करता करता दूरशिक्षणातून एम.ए. करायचं, हा बेत वर्षानुवर्षं चालत आला. मीही अनेकींना हेच सुचवलं, अगदी ठामपणे. मात्र यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून आरोग्यसेवेशी संबंधित विषयांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीत नवे प्रवेश बंद केले आणि त्या यादीत सायकॉलॉजीही आहे. या निर्णयामागे 2021 चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आहे. तेव्हा नियमित एम.ए.साठी गाव सोडावं लागेल का, खर्च किती, वसतिगृह मिळेल का, हे प्रश्न एसवायलाच घरी काढा. घरचे ऐन वेळी नाही म्हणतात ते बरेचदा पैशांमुळे नसून, आधी कुणी काही बोललेलंच नसतं म्हणून.

मेजर-मायनर वेळापत्रक बघून ठरवणं

नव्या शैक्षणिक धोरणात बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी दोन-तीन विषय चाखायचे आणि दुसऱ्या वर्षी मेजर, म्हणजे मुख्य विषय, पक्का करायचा, अशी रचना आहे. प्रॅक्टिकलच्या बॅचमुळे सायकॉलॉजी मेजरच्या जागा अनेक ठिकाणी मोजक्याच असतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या गुणांवर भरतात. "एफवायला काय, पास झालं की पुरे" म्हणणाऱ्यांचा मेजर तिथेच हुकतो.

मायनर मात्र बरेच जण "पेपर सोपा जातो" किंवा "शनिवारी सुट्टी मिळते" म्हणून घेतात. कंपनीकडे जायचं असेल तर अर्थशास्त्र किंवा वाणिज्यातला एखादा विषय कामाला येतो. समाजात, संस्थांमध्ये काम करायचं असेल तर समाजशास्त्र. संशोधन करायचं असेल आणि कॉलेजात संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

मायनर चुकलाच असेल तर अर्धं वर्ष रडण्यात घालवू नका. ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे इतर शाखांतून निवडायच्या विषयांच्या, खिडकीतून हवा तो विषय थोडाफार तरी घेता येतो.

75 टक्क्यांचा हिशोब टीवायला मांडणं

तीन वर्षांनी किमान 120 क्रेडिटवर (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) पदवी, चौथं वर्ष केलं तर किमान 160 वर ऑनर्स, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पाठ नसतं ते हे: "ऑनर्स विथ रिसर्च"साठी पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएच.डी.कडे जायचं असेल तरी 75 टक्केच, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत.

आता बोटांवर हिशोब करा. तुमच्या विद्यापीठात 75 टक्के म्हणजे 7.5 सीजीपीए (सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी श्रेणी) आणि प्रत्येक सत्राची क्रेडिट सारखी आहेत असं धरू. पहिल्या सत्रात 6.0 आणि दुसऱ्यात 6.4 पडले, तर उरलेल्या चार सत्रांत सरासरी 8.15 हवेत. एसवायच्या सुरुवातीला हे कळलं तर अवघड आहे, पण जमण्यातलं आहे. पाचव्या सत्रानंतर कळलं तर गणित संपलेलं असतं. तसं झालं तरी वाट बंद होत नाही: तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांचं एम.ए. आणि मग पीएच.डी. चौथं वर्ष नुसतं "सगळे करतायत" म्हणून करू नका. ते केलं तर पुढचं पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होऊ शकतं हे खरं, पण तुम्हाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला तो एक वर्षाचा मार्ग चालतो का, हे आधी त्यांच्या माहितीपत्रकात वाचा.

संख्याशास्त्राला वळसा घालणं

गणित नको म्हणून कला शाखा घेतली आणि सायकॉलॉजीत टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) समोर आली, हा धक्का मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलाय. मग तो पेपर पाठ करून पास व्हायचा, नाहीतर केटी ठेवायची. एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत हेच प्रश्न येतात आणि शोधप्रकल्पात तर पळवाटच नसते.

मला विचाराल तर अडचण गणिताची नसतेच. सूत्र आधी येतं आणि प्रश्न नंतर, म्हणून ते डोक्यात शिरत नाही. दहा मैत्रिणींना काल रात्री किती वाजेपर्यंत फोन पाहिला आणि किती तास झोप झाली, एवढं विचारा. दोन रकाने लिहा आणि सहसंबंध गुणक, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात ते सांगणारा आकडा, एकदा हातानं काढा. उत्तर ऋण आलं की त्या वजा चिन्हाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मग तीच आकडेवारी जामोवी किंवा जास्पमध्ये घाला. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. विकत घ्याव्या लागणाऱ्या एसपीएसएस या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत शोधत बसू नका.

प्रॅक्टिकलच्या जर्नलचंही असंच. म्युलर-लायर भ्रमाचा (सारख्याच लांबीच्या दोन रेषा टोकांवरच्या बाणांमुळे लहान-मोठ्या भासतात, त्याचा) प्रयोग करून आकडे वरच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवणारे दरवर्षी सापडतात, कारण त्यांचे आकडे फारच सुंदर असतात. खऱ्या प्रयुक्ताचे, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्या माणसाचे, आकडे वेडेवाकडे येतात, आणि ते तसे का आले यावर चर्चा लिहिता येणं हाच प्रयोगाचा गाभा. चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी मार्गदर्शक निवडताना मी जर्नलमधलं हेच पान उघडते.

ओजेटी म्हणजे प्रमाणपत्र, असं समजणं

चार क्रेडिटच्या ओजेटीला साधारण 120 तास जातात. ते मामाच्या ऑफिसात सही घेऊन संपवता येतात, नाही असं नाही. पण विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम किंवा एखाद्या कंपनीचा एचआर विभाग यांपैकी एका ठिकाणी तेवढे तास घालवलेत तर हे काम आपलं आहे की नाही ते कळतं. बऱ्याच जणांना "नाही" हे उत्तर मिळतं, आणि ते एम.ए.ची फी भरण्याआधी मिळालेलं बरं.

तिथे आपण निरीक्षक आहोत, हे मात्र विसरू नका. चुलतभावाला चाचणी देऊन त्याचा बुद्ध्यांक कौटुंबिक ग्रुपवर टाकणारी मुलं मला भेटली आहेत. त्यांच्यावर रागवावं की हसावं, कळत नाही.

कागदपत्रांच्या फाटक्या कडा

स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा कोर्स छान करून, परीक्षा देऊन मुलं येतात आणि मग कळतं की कॉलेजची पूर्वपरवानगीच घेतली नव्हती. नियमाप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण कोणते धरायचे ते विद्यापीठ ठरवतं. अर्ज आधी, कोर्स मग.

एबीसी खात्याचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचं, दुखणं आपल्याकडे जरा खास आहे. बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि आईचं नाव कुठेतरी मध्येच. नाव जुळलं नाही की क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. हे पहिल्या सत्राच्या निकालानंतर लगेच तपासा. प्रवेशाच्या आठवड्यात आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

मराठी माध्यमातल्यांसाठी एक वेगळी वही: डाव्या बाजूला मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. अभिजात अभिसंधान म्हणजेच क्लासिकल कंडिशनिंग, हे परीक्षेच्या खोलीत आठवत बसायचं नसतं. "ऋण प्रबलन" तर हमखास फसवतं. ऋण आहे म्हणून मुलं ती शिक्षा समजतात. खरं तर त्रासदायक गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढतं, ते ऋण प्रबलन. हेल्मेट घातलं की आईची कटकट थांबते, म्हणून रोज हेल्मेट घातलं जातं, तसं.

आणि शिक्षकांकडे रिकाम्या हातानं येणं

"मॅडम, मी काय घेऊ?" या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नसतं. येताना आतापर्यंतची गुणपत्रकं, तुमच्या विद्यापीठाची क्रेडिटची चौकट, आणि पुढे जिथे जायचंय अशा दोन अभ्यासक्रमांची यंदाची पात्रतेची पानं छापून आणा. पात्रतेबद्दल शंका असेल तर त्या विभागाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर "चालेल हो" म्हणणारी व्यक्ती प्रवेशाच्या दिवशी टेबलामागे असेलच असं नाही. सीयूईटी-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचे, अर्ज पाचवं सत्र संपता संपताच सुटायला लागतात, म्हणून ही भेट दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवा. मी चहा पाजते, पेन तुम्ही आणा.