खेळ थांबलेला असताना घाई कशाला? टर्न-बेस्ड नेमबाजीत या चुका टाळा

सुट्टीत कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घरी राहायला येणारा माझा भाचा मोबाईलवरच्या नेमबाजीच्या खेळांत चांगलाच तरबेज आहे. त्याला मी पहिल्यांदा ‘ज्युपिटर हेल’ या संगणकावरच्या टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चालणाऱ्या नेमबाजीच्या खेळासमोर बसवले तेव्हा त्याने बाणाची कळ दाबून धरली, खोलीच्या मधोमध धाव घेतली आणि दुसऱ्याच मजल्यावर त्याचे पात्र मेले. “मामा, लई स्लो गेम आहे ह्यो,” असे तो म्हणाला. त्याची तक्रार मला महत्त्वाची वाटली, कारण तो जेवढा वेळ खोलीच्या मध्यभागी उभा होता, त्या वेळात त्याने स्वतः कळ दाबली नसती तर पडद्यावर एकही गोळी सुटली नसती. नवखे खेळाडू या प्रकारात ज्या चुका करतात त्यांतील बहुतेकांचे मूळ इथेच आहे. खेळ आपली वाट पाहत थांबलेला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही, किंवा लक्षात आले तरी हाताला ते पटत नाही.

‘रोगलाइक’ हे या खेळांच्या घराण्याचे नाव 1980 सालच्या ‘रोग’ या संगणकावरील खेळावरून पडले. त्याचा आजाराशी काही संबंध नाही, इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ लबाड, भटका माणूस असा होतो. दर वेळी नव्याने तयार होणारा नकाशा, चौकटींवरून आळीपाळीने होणारी हालचाल आणि पात्र मेले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, ही या घराण्याची ओळख आहे. 1993 साली आलेल्या ‘डूम’ने धावत धावत गोळीबार करण्याची गोडी जगभर पसरवली, आणि पुढे पोलंडमधील कॉर्नेल किसिएलेविच यांनी त्याच डूमच्या बंदुका आणि राक्षस चौकटींच्या पटावर आणून ‘डूमआरएल’ तयार केला. त्यांच्याच केऑसफोर्ज या कंपनीने केलेला ‘ज्युपिटर हेल’ ऑगस्ट 2021 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. गॅलिलिओने 1610 साली दुर्बिणीतून पाहिलेल्या गुरूच्या चार चंद्रांपैकी कॅलिस्टो, युरोपा आणि आयो या तिघांवर तो घडतो, आणि प्रवास बाहेरून आत, म्हणजे गुरूपासून सुमारे 19 लाख किलोमीटरवरच्या कॅलिस्टोपासून सव्वाचार लाख किलोमीटरवरच्या आयोकडे होत जातो. पन्हाळ्यावरून एखाद्या निरभ्र रात्री साध्या दुर्बिणीतूनही हे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. ते एकदा पाहून आल्यापासून मला हा प्रवास अधिक जवळचा वाटू लागला आहे.

या खेळांची खरी ओढ अशी की, धावत्या नेमबाजीत जो निर्णय अर्ध्या सेकंदात हाताच्या सवयीने होऊन जातो, तोच निर्णय इथे पटावर उलगडून समोर ठेवला जातो आणि त्याचा विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो. हा वेळ जो वापरत नाही त्याला खेळ अवघड वाटतो आणि कंटाळवाणाही वाटतो.

कळ दाबून धरू नका

पहिला नियम मी भाच्याला असा घालून दिला की, नवा शत्रू दिसला की कीबोर्डवरचे हात उचलायचे. मग त्याच्या हातात कोणते शस्त्र आहे, तो किती चौकटी दूर आहे, मी कशाच्या आडोशाला आहे आणि या पाळीत तो मेला नाही तर पुढची गोळी मला कुठून लागेल, एवढे पाहून झाल्यावरच पुढची कळ दाबायची. खासबाग मैदानावर कुस्ती पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन तयारीचे मल्ल बराच वेळ नुसती खडाखडी करत राहतात, तेव्हा जाणकार प्रेक्षक त्याला संथ म्हणत नाही, कारण कोण कुणाचा अंदाज घेतो आहे आणि कुणाचा पाय पुढे पडला आहे, हे तो पाहत असतो.

याच घाईतून दुसरी चूक जन्माला येते, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त बळी तीच घेते. या खेळांत बंदूक भरणे, शस्त्र बदलणे, जमिनीवरची वस्तू उचलणे या सर्व गोष्टींना वेळ लागतो आणि तो वेळ शत्रूलाही मिळतो. धावत्या नेमबाजीत पळता पळता बंदूक भरून होते, म्हणून तो खर्च जाणवत नाही. इथे तो थेट रक्ताने चुकवावा लागतो. शत्रू समोर असताना बंदूक रिकामी झाली, तर भरत बसण्यापेक्षा आडोशाआड एक पाऊल मागे सरकणे किंवा आधीच भरून ठेवलेले दुसरे शस्त्र हाती घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. प्रत्येक चकमक संपताच, पुढचे दार उघडण्यापूर्वी, सर्व शस्त्रे भरून घेण्याची सवय लावली तर हा प्रसंगच क्वचित येतो.

खिंड कुठे आहे ते आधी पाहा

उघड्या खोलीत उभे राहून चौघांशी लढणे ही चूक आहे एवढे लवकर समजते. मागे सरून दार किंवा बोळ गाठायचा, म्हणजे शत्रू एकेक करून पुढे येतील, हेही आपल्या जिल्ह्यातील माणसाला शिकवावे लागत नाही. 1660 साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभूंनी खिंड का धरली, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. पण इथेच एक बारीक चूक होते आणि तिच्याबद्दल फारसे कुणी सांगत नाही. ती खिंड तलवारीच्या लढाईची होती, आणि या खेळांतील शत्रूंकडे बंदुका असतात. लांब, सरळ बोळाच्या टोकाला तुम्ही उभे राहिलात, तर बोळात शिरणारा शत्रू तुम्हाला दुरूनच पाहतो आणि दुरूनच मारतो. त्याच्या मागच्याला पुढे येण्याची गरज उरत नाही. म्हणून दाराच्या समोर उभे राहू नये, दाराच्या बाजूच्या भिंतीला लागून उभे राहावे. मग शत्रूला तुम्ही दिसण्यासाठी उंबऱ्यापर्यंत यावे लागते, आणि तो उंबऱ्यात आला की शॉटगनसारखे जवळच्या अंतराचे शस्त्र आपले काम चोख करते. याउलट दुरूनच अचूक चालणारी रायफल हाती असेल, तर अंतर राखणे आपल्या हिताचे असते आणि तेव्हा लांब बोळ आपल्या बाजूचा होतो. जागा चांगली की वाईट हे हातातल्या शस्त्रावर ठरते, म्हणून जागा आणि शस्त्र यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

आडोशालाही दिशा असते. ज्या खोक्यामागे तुम्ही उभे आहात ते समोरची गोळी अडवते, बाजूने येणारी अडवत नाही. त्यामुळे शत्रू वळसा घालू लागला की जागा सोडावी लागते. आणि आडोसा म्हणून निवडलेली वस्तू म्हणजे स्फोटक पिंप नाही ना, हे दर वेळी तपासावे. ही चूक एका डावात एकदाच करता येते.

टक्केवारी वाचता येणे

नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसू लागली की आपले मन ऐंशीचे शंभर करून टाकते. ऐंशी टक्क्यांच्या तीन गोळ्या ओळीने लागतील असे धरून जो पुढे सरकतो, त्याने साधा गुणाकार केलेला नसतो. 0.8 चा तीनदा गुणाकार 0.512 होतो, म्हणजे त्याचा बेत जवळजवळ निम्म्या वेळा फसणार असतो. नव्वद टक्क्यांच्या सात गोळ्या ओळीने लागण्याची शक्यताही 48 टक्क्यांच्या आसपासच भरते. गोळी हुकली की “गेम फसवतो” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझे सांगणे असे की, गोळी लागली तर काय करायचे हे सर्वांनाच माहीत असते, हुकली तर मी कुठे उभा असेन याचे उत्तर कळ दाबण्यापूर्वी तयार असले पाहिजे. ज्यांना हा अनिश्चितपणा अजिबात सोसत नाही त्यांनी 2018 सालचा ‘इन्टू द ब्रीच’ खेळून पाहावा. आठ बाय आठ चौकटींच्या पटावर शत्रू पुढच्या पाळीत कुठे वार करणार ते आधीच दाखवले जाते, आणि आपला वार टक्केवारीवर अवलंबून नसतो.

राखून ठेवलेले सामान

पात्र मेल्यावर पिशवीत चार औषधपेट्या आणि तीन हातबॉम्ब शिल्लक आहेत, असे दृश्य मी स्वतःच्या पडद्यावर अनेकदा पाहिले आहे. “पुढे जास्त गरज लागेल” हा काटकसरीचा विचार घर चालवताना योग्य आहे, पण ज्या खेळात मरण कायमचे आहे तिथे न वापरलेल्या औषधाला काहीही किंमत उरत नाही. जीव निम्म्यावर आला की पिशवी उघडून पाहावी, एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

एका खेळाची सवय दुसऱ्या खेळात नेणे ही मात्र अनुभवी खेळाडूंची चूक आहे. ‘ज्युपिटर हेल’मध्ये शत्रू मारल्याने अनुभव वाढतो आणि त्यातून नवी कौशल्ये मिळतात, त्यामुळे मजला साफ करण्याला अर्थ असतो. तीच सवय घेऊन ‘कॉगमाइंड’मध्ये शिरलेला खेळाडू लवकरच अडचणीत येतो. जॉश गी यांच्या या खेळात तुम्ही एक यंत्रमानव आहात, तुमचे शरीर ठिकठिकाणाहून उचलून जोडलेल्या सुट्या भागांचे बनलेले आहे, आणि मारामारीबद्दल अनुभवगुण मिळत नाहीत. वाढ होते ती वरच्या मजल्यावर पोहोचल्यावर. उलट फार दंगा केला की तुमच्याविषयीची सावधानता वाढत जाते आणि मागावर पथके येतात. तिथे लपून निसटणे हाच अनेकदा सर्वांत हुशारीचा मार्ग असतो. शिवाय अंगावरची एखादी आवडती तोफ उडाली म्हणून खेळ सोडून देणारे मी पाहिले आहेत. त्या खेळात भाग गमावणे म्हणजे हार नव्हे, तो भाग मधल्या गाभ्याऐवजी गोळी खाण्यासाठीच तिथे होता.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगता येते. आठ दिशांना चालावे लागणाऱ्या खेळांत तिरप्या चालीसाठी अंकांचा वेगळा कीपॅड उपयोगी पडतो, आणि लहान लॅपटॉपवर तो नसतो. तेव्हा सेटिंग्जमध्ये जाऊन कळा आपल्या सोयीने बदलून घ्याव्यात, किंवा ‘कॉगमाइंड’ पूर्णपणे माउसने खेळता येतो त्याचा लाभ घ्यावा. जुलै-ऑगस्टच्या पावसात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी रंगात आलेला डाव तसाच उघडा ठेवून जेवायला उठू नये, सेव्ह करून बाहेर पडावे.

सेव्हच्या फाइलची प्रत काढून ठेवायची आणि मेल्यावर ती परत आणायची, हा उपाय बरेच जण सुचवतात. मी तो करू नये असे सांगेन. मरण मागे घेता येते हे कळले की दारासमोर थांबून विचार करण्याचे कारणच नाहीसे होते, आणि मग या खेळात उरते ती चौकटींवरची संथ चाल. त्यापेक्षा खेळाची सोपी पातळी निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

‘डूमआरएल’ आणि ‘ज्युपिटर हेल’ पात्राच्या मृत्यूनंतर एक सविस्तर अहवाल देतात. त्यात कुठल्या मजल्यावर, कुणाच्या हातून मरण आले आणि अंगावर काय होते, हे सगळे असते. बहुतेक जण तो न वाचता नवा डाव सुरू करतात. भाच्याला मी एक वही दिली आणि प्रत्येक अहवालाखाली शेवटच्या पाच चाली आठवून लिहायला सांगितल्या. दिवाळीच्या सुट्टीत त्याने नऊ डाव खेळले. त्यांतील सहा मृत्यूंच्या पुढे त्याच्याच अक्षरात एकच कारण होते, ते म्हणजे उघड्यावर बंदूक भरणे. दहाव्या डावात तो युरोपावर पोहोचला.